इंग्रजीत कालची हकिगत सांगताना

गप्पांमध्ये साधा भूतकाळच धरा: 'आय वेंट टू पुणे यस्टरडे.' आपल्या तोंडी 'गेलो होतो' बसलेलं असतं, म्हणून 'आय हॅड गॉन' निघतं आणि ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो. 'हॅड' लागतं ते एका घटनेच्या आधीच घडून गेलेली दुसरी सांगायला: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' 'यस्टरडे'सोबत 'हॅव सीन'ही नको.

रंगात आलेले इंग्रज-अमेरिकन लोक मध्येच वर्तमानकाळात शिरतात: 'सो ही वॉक्स इन अँड सेज...' ती चूक नव्हे. आपणही 'बघतो तर काय!' म्हणतोच की. पण तुम्ही आधी 'वेंट', 'सॉ', 'टूक', 'ब्रॉट' ही रूपं जिभेवर बसवा. अडखळायला बहुतेकदा तिथेच होतं.