कॅटफिशच्या शास्त्रीय नावांना काही अर्थ असतो का?

असतो की! क्रॉफर्ड मार्केटात टाकीची काच साफ करायला म्हणून जो सकर फिश विकतात ना, त्याला बरेचदा हायपोस्टोमस म्हणतात, म्हणजे ग्रीकमधे सरळ 'खाली तोंड असलेला', बघितलंत तर लगेच पटेल. कोरिडोरास हा आणखी एक कॅटफिश, त्याच्या नावाचा अर्थ शिरस्त्राण आणि चिलखत, अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात म्हणून. आपल्या मागूर माशाला बरीच वर्षं क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणायचे (आता क्लॅरियस मागूर म्हणतात), यातलं बॅट्रॅकस म्हणजे चक्क बेडूक, हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मधे दिलं. पण मला सगळ्यात आवडतं ते सिंगी माशाचं, हेटेरोप्न्यूस्टेस फॉसिलिस, हेटेरो म्हणजे वेगळा आणि प्न्यूस्टेस म्हणजे श्वास घेणारा, कारण कल्ल्यांपासून मागे गेलेल्या पिशव्यांमधे हा हवा भरून घेतो, आणि फॉसिलिस म्हणजे जीवाश्म नाही हां, लॅटिनमधे 'खणून काढलेला'!