जुनी सोनाटा घेण्याआधी
अरे, अमेरिकेतली पहिली गाडी म्हणून २०११-१२ ची ह्युंदाई सोनाटा बघतोयस ना, तर घाई करू नकोस. तिच्या थीटा-२ नावाच्या इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) घडवतानाचा धातूचा कीस राहून गेला होता. त्याने कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला तेल पोचेना. २०१५ मध्ये सुमारे ४.७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, म्हणजे रिकॉल. गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक (व्हिन) एनएचटीएसए या अमेरिकन सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक, रिकॉलचं काम बाकी आहे का ते फुकट कळतं. नॉक सेन्सरचं (इंजिनातली टकटक ओळखणाऱ्या सेन्सरचं) सॉफ्टवेअर अपडेट झालंय का, तेही डीलरला विचारच. वाढीव वॉरंटी त्यावरच अवलंबून आहे.

बघायला जाशील तेव्हा डिपस्टिक (इंजिनातलं तेल मोजायची पट्टी) पुसून परत घाल आणि काढून बघ. तेल खालच्या खुणेखाली असेल किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनातून टकटक ऐकू आली, तर सरळ माघारी फिर. आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या माग. नाहीतर वॉरंटीचा क्लेम अडकला की इंजिनाचे हजारो डॉलर तुझ्याच गळ्यात.