आगमनकाळात धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या साधारण चार आठवड्यांत, दर रविवारी 'धीर धरा, विश्वास ठेवा' हेच ऐकायला मिळतं, पण वर्षभर मागितलेल्या प्रार्थनेचं काहीच झालेलं नसताना ते जमवायचं कसं. मी याच प्रश्नाशी तीन वर्षं झगडतेय म्हणून लिहितेय.

बाबांना स्ट्रोक आला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठांवर येऊन अडतो. थेरपिस्टने पहिल्याच दिवशी बजावलेलं की त्यांचा शब्द तुम्ही पूर्ण करायचा नाही, थांबायचं. मला तेच जमेना, ते 'पा' म्हणाले की मी पाणी घेऊन हजर आणि ते मान हलवायचे, कारण त्यांना सांगायचं असायचं की पाय दुखतोय. देवाशीही माझं तेच चाललेलं, उत्तर काय हवं ते मीच ठरवून मोकळी.

त्या डिसेंबरात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचताना जखऱ्या या म्हाताऱ्या याजकापाशी अडकले. तुला मुलगा होईल या देवदूताच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नाही म्हणून त्याची वाचा गेली, ती मुलाचं नाव पाटीवर लिहून देईपर्यंत परत आली नाही. पण बघा ना, त्याचा विश्वास कमी पडला तरी देवाने शब्द मागे घेतला नाही, त्याच्या बायकोला, अलीशिबाला मूल झालंच! सगळा भार आपल्या विश्वासावर नसतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि खूप रडले मी.

तोच मुलगा म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान, पुढे तुरुंगातून येशूला निरोप पाठवून विचारतो की येणारा तारणारा तूच की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? येशू रागावत नाही, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत, हे जाऊन त्याला सांगा म्हणतो. कॅथलिक मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) हे वाचन तीन वर्षांतून एकदा येतं आणि तेही तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी. म्हणून तुमचा प्रश्न दाबून ठेवू नका, तोच प्रार्थनेत घ्या.

बाकी रोज काय करायचं तर मी एवढंच करते, संध्याकाळी मोबाइल दुसऱ्या खोलीत, लाइट बंद, आगमनचक्रातली, म्हणजे नाताळची वाट बघताना लावायच्या मेणबत्त्यांच्या गोलातली, मेणबत्ती लावायची आणि दहा मिनिटं बाबांजवळ बसायचं. हे चक्र 1839 मध्ये हॅम्बुर्गला विखेर्न नावाच्या पाळकांनी गरीब मुलांच्या आश्रमात सुरू केलं, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून गाडीच्या चाकावर रोज एक छोटी मेणबत्ती आणि रविवारी एक मोठी. आता बहुतेक ठिकाणी चारच असतात, आमच्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, ती तिसऱ्या रविवारची. पहिली सगळ्यात जास्त दिवस जळते, नाताळपर्यंत तिचं बोटभर थोटूक उरतं आणि मला तीच सगळ्यात आवडते.

बाबा अजून पूर्ण बोलत नाहीत. मागच्या वर्षी तिसऱ्या रविवारी मी काडी ओढली आणि ते म्हणाले, 'गु'. मी गप्प बसले. काडी बोटापर्यंत आली, विझवली, दुसरी ओढली, तीही अर्धी जळली, मग म्हणाले, 'गुलाबी'.