एडटेक म्हणजे ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीत घरून काम करणाऱ्या वेब इंजिनिअरचं काम नेमकं कसं असतं? गावाकडे राहून जमतं का?

प्रश्नात तुम्ही हेही विचारलंय की बीएस्सी झालेल्याला घेतात का, त्यावर शेवटी येतो. मी सहा वर्षं हेच करतोय, तासगावात घराच्या माडीवर बसून, म्हणजे जमतं हे तर झालंच. कंपनीचं नाव विचारू नका.

आमच्याकडे नीट आणि सीईटीची टेस्ट सिरीज चालते. सोमवार ते शुक्रवार काही विशेष नसतं, तिकीट (म्हणजे नोंदवलेलं एखादं काम) उचला, कोड लिहा, दुसऱ्याचा कोड बघा, मीटिंगमध्ये कुणीतरी म्यूटवरच बोलत बसलेला असतो, कुठल्याही आयटी कंपनीसारखंच. टेस्ट असते रविवारी दहाला. बाहेर सगळ्यांची सुट्टी, आमच्या पोटात गोळा.

पण हे काम म्हणजे काय ते मला कळलं शेजारच्या पोरीमुळे. ती तेव्हा बारावीला होती, माझ्याच शब्दावर तिने आमची सिरीज घेतलेली, फोन आईचा, दोन जीबी रॅमवाला. 180 प्रश्नांपैकी सव्वाशेच्या आसपास गेली असताना मामाचा फोन आला, आईने उचलला, दहा मिनिटं द्राक्षाच्या दरावर बोलणं झालं आणि परत पेज उघडलं तर पहिला प्रश्न, सगळं कोरं. पोरगी फोन घेऊन तशीच माडीवर आली, "दादा, हे तुमचंच आहे ना?" रडत नव्हती, तेच जास्त लागलं मला.

मी लॅपटॉप उघडून बघितलं तर सर्व्हर नीट चाललाय का ते दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार, एकही एरर नाही. येणार तरी कुठून? रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेला टॅब सरळ मारून टाकतं, आणि तेव्हा आमच्याकडे उत्तरं शेवटी सबमिट केल्यावरच सर्व्हरला जायची, तोपर्यंत सगळा जीव त्या टॅबमध्ये. सर्व्हरच्या लेखी त्या पोरीने टेस्ट अर्धवट सोडली, बास. अशा "सोडलेल्या" टेस्ट आम्ही दर आठवड्याला रिपोर्टमध्ये बघायचो आणि म्हणायचो पोरं सिरियस नाहीत.

मग आम्ही उत्तर निवडलं की आधी फोनमध्येच साठवायचं आणि दर 30 सेकंदांनी सर्व्हरला पाठवायचं असं केलं. भारी वाटलं. पुढच्या मोठ्या टेस्टला सर्व्हर झोपला. हिशोब बघा, समजा 30,000 मुलं बसलीत आणि प्रत्येकाचा फोन 30 सेकंदांनी एकदा पाठवतोय, तर सरासरी सेकंदाला 1,000 रिक्वेस्ट, एवढं आम्ही धरलेलंच होतं, पण स्टार्ट सगळ्यांनी दहाच्या ठोक्याला दाबलेलं असतं त्यामुळे सगळ्यांचे 30 सेकंद पण बरोबरच भरतात, म्हणजे 29 सेकंद शांतता आणि मग यात्रेतल्या देवळाच्या दारासारखी चेंगराचेंगरी. उपाय काय, तर प्रत्येक फोनला थोडं रँडम मागेपुढे करायचं, कुणी 26 सेकंदांनी पाठवेल, कुणी 34. चार ओळींचा कोड होता हो!

टायमरची पण गंमतच. आमचा टायमर फोनमध्ये एकेक सेकंद मोजायचा आणि टॅब मागे गेला की ब्राउझर तो मोजणाराच हळू करतो, म्हणजे व्हॉट्सॲप बघून आलात की वेळ शिल्लक. हे आमच्या टेस्टरच्या आधी पोरांना कळलं, अर्थात. आता संपायची वेळ सर्व्हर सांगतो, फोनने फक्त दाखवायची.

त्यामुळे मी म्हणेन की या कामाला गावात बसणं उलट फायद्याचं. टीममधले बाकीचे बेंगळुरूत, हातात महागडे फोन, घरी चकाचक वायफाय, त्यांच्याकडे सगळं पळतंच. मी मोबाईलच्या दुकानातून एक जुना फोन उचलला, काचेला तडा गेलेला, आणि कुठलंही नवीन फीचर आधी त्याच्यावर चालवतो. टीममध्ये त्याला "तासगाव सर्व्हर" म्हणतात.

मराठीची लढाई वेगळीच. आमची सर्टिफिकेटची पीडीएफ बनवणारी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) जोडाक्षरं जोडतच नव्हती, आणि निकिता नाव असेल तर दोन्ही वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायच्या. दुसरं, गोऱ्हे आडनावाची मुलगी यादीत आहे, डोळ्याला दिसतेय, पण सर्च केलं की सापडत नाही. कारण तो "ऱ्ह" टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एकात टिंबवाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारा जॉइनर. दिसायला एक, कॉम्प्युटरला दोन वेगळी माणसं. बेंगळुरूच्या पोराला हे समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

गावाकडचं बाकीचं थोडक्यात. लाईट जाते, वळवाच्या पावसात फायबरची वायर तुटते. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात, त्याला छोटा मिनी यूपीएस मिळतो तो घ्या, आणि हॉटस्पॉटला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. ऑफर आली की आधी विचारा पगारदार की कॉन्ट्रॅक्टवर, कारण कॉन्ट्रॅक्ट असेल तर पीएफ नाही, टॅक्सचं तुमचं तुम्ही बघायचं. आणि रविवारी काम केल्यावर बदली सुट्टी मिळते का ते लेखी घ्या, मी घेतलं नव्हतं. कंपनी अमेरिकेतली असेल तर घड्याळ पण बघा, माझ्या मित्राची न्यूयॉर्कची दुपारी 12 ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्या रात्री साडेनऊला असते आणि नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेदहाला, बायको तेव्हापासून मार्चची वाट बघते.

आता बीएस्सीचं. आमच्याकडे घेतात, मी स्वतः बीएस्सी फिजिक्स आहे. पण टू-डू लिस्टचं ॲप घेऊन येऊ नका, ते दहातले नऊ जण आणतात. एक छोटी टेस्ट बनवा, वीस प्रश्नांची, लॉगिन नसलं तरी चालेल. इंटरव्ह्यू मी घेतो तेव्हा दहाव्या प्रश्नाला वायफाय बंद करायला लावतो, टॅब बंद करून परत उघडायला लावतो आणि बघतो आधीच्या नऊ प्रश्नांची उत्तरं जागेवर आहेत का.