एकाच वर्षी एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही देशपातळीवरच्या स्पर्धा जिंकणारा कॉलेज बास्केटबॉल संघ कोणता? आणि अमेरिकेत त्याचं नाव इतकं कमी का घेतलं जातं?

सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क, हंगाम १९४९-५०. आधी कोणाला जमलं नव्हतं आणि आता जमणारही नाही, कारण हल्ली एकच संघ दोन्ही स्पर्धांत उतरू शकत नाही.

मी याच कॉलेजात एमएस केलं. १३७व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं, चढ चढायचा, की हार्लेममधली ती काळपट दगडांची गॉथिक इमारत समोर येते. सांगलीत मी कॉलेजकडून सिमेंटच्या कोर्टवर खेळलेला. त्यामुळे आल्या आल्या लॅबमधल्या एकाला विचारलं, "इथली बास्केटबॉल टीम कशी आहे?" तो म्हणाला, "डिव्हिजन थ्री." म्हणजे सगळ्यात खालची पायरी. एकेकाळी हेच कॉलेज देशात पहिलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

१८४७ साली सुरू झालेल्या या कॉलेजात तेव्हा फी नव्हती. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत ज्यू मुलांना मोजूनमापून घेत, म्हणून शिंप्यांची, कारखान्यातल्या कामगारांची हुशार पोरं इथे यायची. खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. ब्रॉन्क्स, ब्रुकलिन, हार्लेमची पोरं सबवेने यायची, सबवेने घरी जायची. पहिल्या पाचांत एड रोमन, अल रॉथ आणि अर्विन डॅम्ब्रॉट हे तीन ज्यू. एड वॉर्नर आणि फ्लॉइड लेन हे दोन कृष्णवर्णीय. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले ते त्यानंतर, ऑक्टोबर १९५०च्या अखेरीस. यावरून हा संघ काळाच्या किती पुढे होता बघा. डॅम्ब्रॉट सोडला तर बाकीचे चौघे दुसऱ्या वर्षाला होते. प्रशिक्षक नॅट होल्मन, स्वतः एके काळचा गाजलेला खेळाडू.

नियमित हंगाम काही फार थोर नव्हता. १७ जिंकले, ५ हरले. एनआयटीचं बोलावणं आलं तेव्हा कोणी त्यांना मानांकनही दिलं नव्हतं. (तेव्हा एनआयटीचा मान एनसीएएपेक्षा काकणभर जास्तच होता.) पहिल्या सामन्यात त्यांनी गतविजेत्या सॅन फ्रान्सिस्कोला ६५-४६ असं उडवलं. मग समोर केंटकी. १९४८ आणि १९४९ चे एनसीएए विजेते, प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप, संघात एकही कृष्णवर्णीय नाही. सामन्याआधी केंटकीच्या काही खेळाडूंनी हस्तांदोलन टाळलं असं सांगतात. निकाल ८९-५०! रपच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पराभव. मला विचाराल तर या हंगामाचा कळस हाच, अंतिम सामने नव्हेत.

पुढे ड्युकेन, आणि १८ मार्चला अंतिम फेरीत देशात पहिल्या क्रमांकावर असलेला ब्रॅडली, ६९-६१. दहा दिवसांनी, २८ मार्चला, न्यूयॉर्कच्या त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डन या बंदिस्त मैदानात एनसीएएचा अंतिम सामना, समोर पुन्हा ब्रॅडलीच. शेवटच्या मिनिटात सिटीची आघाडी एका गुणावर आली. ब्रॅडलीचा जीन मेल्चिओरी चेंडू घेऊन बास्केटकडे घुसला, डॅम्ब्रॉटने त्याचा चेंडू अडवला आणि पुढे पळालेल्या नॉर्म मेगरकडे लांब फेकला. मेगरच्या कपाळाला त्याच सामन्यात टाके पडलेले. त्याने बास्केट केली. ७१-६८. 'अलागरू' ही कॉलेजची आरोळी त्या रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर घुमत होती.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. फेब्रुवारी १९५१ मध्ये संघ फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठाला हरवून रेल्वेने परत येत होता. गाडीत पोलीस होते. वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना अटक झाली. काही दिवसांनी लेन सापडला, त्याने पैसे फुलझाडाच्या कुंडीत दडवले होते. पुढे डॅम्ब्रॉट, मेगर आणि हर्ब कोहेन. एकूण सात जण.

इथे सट्ट्याची भानगड समजून घ्यायला हवी. आपल्याला फिक्सिंग म्हटलं की २००० सालचा हॅन्सी क्रोन्ये आठवतो. हे त्याहून बारीक काम होतं. १९४०च्या दशकात बुकींनी 'कोण जिंकणार' यापेक्षा 'किती गुणांनी जिंकणार' यावर पैजा घ्यायला सुरुवात केली. समजा सिटी ८ गुणांनी वरचढ धरली. सिटीवर पैसे लावणाऱ्याला पैसे मिळायला सिटीने निदान ९ गुणांनी जिंकायला हवं. मग सटोडिया खेळाडूला गाठून म्हणणार, बाबा रे, तुला हरायला कोण सांगतंय? जिंकच. फक्त पाचानेच जिंक. एक पास चुकव, एक रिबाउंड सोड. याला पॉइंट शेव्हिंग म्हणतात, गुण तासणं. कॉलेज जिंकतं, प्रेक्षक खूश, आणि विशीतल्या पोराच्या खिशात बापाच्या कित्येक आठवड्यांच्या कमाईइतके पैसे. गार्डनमध्ये एका रात्रीत अठरा हजार तिकिटं खपायची, त्यातला एक सेंटही या पोरांच्या वाट्याला यायचा नाही. यामुळे त्यांचा गुन्हा माफ होत नाही, पण त्यांना गाठणं इतकं सोपं का गेलं ते कळतं.

सिटीच्या पोरांमागचा मुख्य माणूस साल्व्हातोरे सोलाझो, धंदा दागिन्यांचा. हे बाहेर फुटलं ते जुनियस केलॉग या मॅनहॅटन कॉलेजच्या खेळाडूमुळे: त्याने हजार डॉलरची लाच नाकारली आणि जाऊन सांगितलं. दुहेरी विजेतेपदाच्या हंगामातल्याही काही नियमित सामन्यांत गुण तासले गेले होते. पण त्या दोन स्पर्धांतल्या सात सामन्यांबद्दल सिटीच्या खेळाडूंवर आरोप झाला नाही. माझी अडचण नेमकी इथेच होते. ८९-५० खरं होतं. तीच पोरं, तोच हात, आणि काही आठवडे आधी तोच हात मुद्दाम आखडलेला.

आणि हे एकट्या न्यूयॉर्कचं पाप नव्हतं. सात कॉलेजांतले ३२ खेळाडू अडकले. आपल्या पोरांच्या आसपासही बुकी फिरकू शकत नाहीत अशी रपची फुशारकी होती. त्याच केंटकीचे अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड १९४९च्या एनआयटीतल्या सामन्याबद्दल पकडले गेले, आणि केंटकीला १९५२-५३ चा अख्खा हंगाम खेळता आला नाही. अंतिम सामन्यातला मेल्चिओरी १९५१च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला आणि एकही सामना न खेळता बाद झाला. मात्र केंटकी पुन्हा उभं राहिलं, विजेतेपदं मिळवत राहिलं. सिटीने गार्डनकडे पाठ फिरवली आणि मोठ्या पातळीवरचा खेळ सोडूनच दिला. नाव न घेण्याचं खरं कारण हे. केंटकीच्या चाहत्यांना पुढे साजरं करायला खूप काही मिळालं, सिटीकडे त्या एका वर्षाशिवाय काहीच नव्हतं आणि तेही डागाळलेलं.

वॉर्नरने तुरुंग पाहिला. डॅम्ब्रॉट दंतवैद्य झाला. त्याच्या पुतण्याने, कीथ डॅम्ब्रॉटने, पुढे शाळकरी लेब्रॉन जेम्सला शिकवलं. कर्णधार जो गॅलिबरचा या भानगडीशी संबंध नव्हता, तो न्यूयॉर्क राज्याचा सिनेटर झाला. आणि कुंडीत पैसे दडवणारा फ्लॉइड लेन? एनबीएची दारं त्याला कायमची बंद झाली. पण १९७४ मध्ये सिटी कॉलेजने त्याला परत बोलावलं, बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून.