लांब सिलेक्टर मोडताना स्वल्पविराम का हवा?

प्रश्न : वेबपानाच्या सजावटीची भाषा सीएसएस; ती तयार करून देणाऱ्या सॅस या भाषेच्या इंडेंटेड पद्धतीने, म्हणजे महिरपी कंस न वापरता, मी स्टाइलशीट लिहितो. एका नियमाच्या सिलेक्टरमध्ये, म्हणजे तो नियम कोणत्या घटकांना लागेल हे सांगणाऱ्या भागात, अकरा क्लास आल्याने ओळ फार लांबली, म्हणून ती तीन ओळींत मोडली आणि ओळींच्या शेवटचे स्वल्पविराम अनावश्यक वाटून काढून टाकले. आता फक्त तिसऱ्या ओळीतल्या क्लासनाच रंग लागतो. असे का होते?

उत्तर : आपण काढलेले स्वल्पविरामच येथे महत्त्वाचे होते. इंडेंटेड पद्धतीत सिलेक्टरची ओळ स्वल्पविरामावर संपली तरच पुढची ओळ तिचाच भाग मानली जाते. एरवी ओळ संपली की सिलेक्टरही संपतो. त्यामुळे आपल्या पहिल्या दोन ओळी स्वतंत्र, पण रिकामे नियम ठरल्या आणि तयार झालेल्या सीएसएसमध्ये उतरल्याच नाहीत. या सिलेक्टरखाली एकही प्रॉपर्टी (रंगासारखा गुणधर्म) नसल्याचा इशारा सॅसने टर्मिनलवर दिला असेल. कंपाइल यशस्वी झाले तरी असे इशारे अवश्य वाचावेत.

सॅस ३ पासून, म्हणजे २०१० पासून, उपलब्ध असलेल्या कंसांच्या एससीएसएस पद्धतीत हीच चूक अधिक फसवी ठरते. तेथे नवी ओळ म्हणजे केवळ मोकळी जागा असते, आणि सिलेक्टरमधील मोकळ्या जागेचा अर्थ ‘च्या आतला’ असा होतो. ‘.सूचना’ नंतर स्वल्पविराम लिहायचा राहून गेला आणि खालच्या ओळीत ‘.इशारा’ आला, तर नियम सूचनेच्या आतल्या इशाऱ्यालाच लागतो, आणि सिलेक्टर वैध असल्याने सॅसकडून कोणताही इशारा मिळत नाही.

माझा आग्रह असा, की एका ओळीत एकच सिलेक्टर लिहावा. उद्या एक क्लास वगळला, तर गिटच्या डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळी दाखवणाऱ्या तुलनेत, नेमकी तेवढीच ओळ दिसते.

यादी नसून ‘.पान .स्तंभ .यादी .दुवा’ अशी साखळी लांबली असेल, तर स्वल्पविराम उपयोगाचा नाही. तेथे नेस्टिंग करावे, म्हणजे एक नियम दुसऱ्याच्या आत लिहावा. मात्र बाहेर चार आणि आत पाच सिलेक्टर ठेवले, तर आउटपुटमध्ये वीस जोड्या तयार होतात. हा गुणाकार नको असल्यास सीएसएसचा ‘:इज’ (:is) हा, सिलेक्टरांची यादी एकत्र घेणारा स्यूडो-क्लास वापरता येतो, परंतु त्याच्या यादीतील सर्वांत वजनदार सिलेक्टरची स्पेसिफिसिटी (दोन नियमांत कोणता वरचढ ठरेल हे ठरवणारे वजन) संपूर्ण यादीला मिळते, त्यामुळे क्लासपेक्षा वजनदार असलेला एकही आयडी त्या यादीत घालू नये.