टाहोला आरव्ही नेताना आधी जागा धरा, गाडी नंतर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये ठाण्याहून मुलीकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला जाणार, जुलैत सगळ्यांनी मिळून चार दिवस आरव्ही (म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटरहोम) भाड्याने घेऊन कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहो या डोंगरातल्या तळ्याकाठी राहायचे मनात आहे, तर किती फुटांची गाडी घ्यावी, यजमानांना ती इथल्या परवान्यावर चालवता येईल का, आणि आपला स्वयंपाक त्यात होईल का. माझी मुलगी सॅक्रामेंटोला असल्याने टाहोला आमचे उन्हाळ्यात जाणे होते, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

गाडीच्या लांबीचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी घेतला आहे, तो माझ्या मते सर्वांत शेवटी घ्यायला हवा, कारण टाहोच्या परिसरात गाड्या हव्या तेवढ्या मिळतात, पण त्या उभ्या करायला जुलैत जागा मिळत नाही. शिवाय प्रत्येक कॅम्पग्राउंडची लांबीची मर्यादा वेगळी असते. पश्चिम काठावरच्या डी. एल. ब्लिस स्टेट पार्कमध्ये १८ फुटांपेक्षा लांब मोटरहोम घेत नाहीत, तर त्याच काठावर थोड्या उत्तरेला असलेल्या शुगर पाइन पॉइंटला ३२ फुटांपर्यंतची चालते. या दोन्ही ठिकाणी गाडीला वीज-पाण्याची जोडणी, म्हणजे ज्याला तिथे हुकअप म्हणतात, ती मिळत नाही. ती हवी असेल तर पूर्व काठावर, नेवाडाच्या हद्दीतल्या झेफिर कोव्हसारख्या ठिकाणी जावे लागते आणि दरही त्या मानाने मोजावा लागतो. कॅलिफोर्निया स्टेट पार्कचे बुकिंग सहा महिने आधी, तिथल्या सकाळी आठ वाजता उघडते. जुलैच्या तारखांसाठी तुम्हाला जानेवारीत बसावे लागेल आणि त्या दिवसांत तिथले सकाळचे आठ म्हणजे ठाण्यातले रात्रीचे साडेनऊ असतात. आता डिसेंबर आहे, तेव्हा वेळ गेलेली नाही. पण मुलीने आणि तुम्ही दोघींनी एकाच वेळी लॉगिन करून बसणे बरे, कारण चांगल्या साइट, म्हणजे कॅम्पग्राउंडवरच्या गाडी उभी करायच्या जागा, पाहता पाहता संपतात.

जागा ठरली की रस्ता ठरतो. साउथ लेक टाहो या गावाकडे जायचे असेल तर सॅक्रामेंटोवरून ५० क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे २,२५० मीटर उंचीची एको समिट ही खिंड ओलांडून उतरावे लागते. हा उतार कड्याच्या अंगाने जातो आणि त्याला तीव्र वळणे आहेत. कसारा घाट उतरताना आपण ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये उतरतो, तेच इथे ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली आणून करायचे असते. शुगर पाइन पॉइंट मिळाले तर मात्र या वाटेने जाऊच नका, कारण पुढे एमराल्ड बे या तळ्याच्या छोट्या खाडीच्या वरचा ८९ क्रमांकाचा रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी त्याला कठडाही नाही, आणि मोठी गाडी तिथे नेणे म्हणजे मागच्या सर्वांचा रोष ओढवून घेणे आहे. त्याऐवजी ८० क्रमांकाच्या महामार्गाने ट्रकीपर्यंत जावे आणि टाहो सिटीवरून खाली यावे.

परवान्याचे थोडक्यात सांगतो. पर्यटक म्हणून आलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. तरीही ठाण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि भाड्याने देणाऱ्या कंपनीला विम्यात तो धरला जाईल का, हे लेखी विचारावे. पण सल्ला विचाराल तर स्टिअरिंग जावईबापूंकडेच राहू द्या. २५ फुटांची मोटरहोम आपल्या एसटीपेक्षा आखूड असली, तरी उजव्या बाजूने चालवण्याची सवय डोंगरात आणि एवढ्या रुंद गाडीवर करू नये. मुलीने आपली छोटी गाडी मागोमाग आणावी, म्हणजे मोटरहोम एकदा साइटवर लागली की परतीपर्यंत हलवावी लागणार नाही. पाच माणसांना २५ फूट पुरतात.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही एका वाक्यात विचारले आहे, पण खरी मेख तिथेच आहे. टाहोची पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे अडीचशे मीटर उंच. तिथे पाणी साधारण ९४ अंशांलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी कणी राहते. मुलीकडचा कुकर न्यावाच लागेल. मिक्सर किंवा इंडक्शन इथून नेऊ नका, कारण तिथली वीज १२० व्होल्टची असते. हुकअप असले तरी ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना आणखी एखादे मोठे उपकरण लावले की ब्रेकर पडतो. हुकअप नसेल तर गॅसची शेगडी चालते, फ्रिजही बहुधा गॅसवर चालतो, पण मिक्सरसाठी जनरेटर लागतो, आणि स्टेट पार्कमध्ये तो सकाळी १० ते रात्री ८ याच वेळात लावता येतो. तेव्हा सकाळच्या डोशांची चटणी आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवा. फोडणी देण्याआधी छतावरचा पंखा सुरू करून खिडकी उघडावी, नाहीतर मिरचीचा ठसका आणि धुराचा अलार्म एकदमच सुरू होतात.

पाण्याची टाकी दीडशे लिटरच्या आसपास असते. पाणीकपातीच्या दिवशी आपण जसे वापरतो तसे वापरले तर पाच जणांना दोन दिवस जाते. अंघोळीला मात्र कॅम्पग्राउंडवरचे स्नानगृह वापरावे. सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, शौचालयाची वेगळी आणि मोरी-बेसिनची वेगळी. परत निघताना डंप स्टेशनवर त्या रिकाम्या करायच्या असतात. हातमोजे घालून नळीचे एक टोक गाडीला आटे फिरवून बसवावे, दुसरे जमिनीतल्या भोकात घट्ट धरावे, ते दगडाने दाबून ठेवले तर उत्तम. मग आधी शौचालयाच्या टाकीची झडप ओढावी आणि ती पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. क्रम उलटा झाला तर नळी तशीच घाण डब्यात जाते. हे काम जावईबापूंनी कंपनीच्या आवारातच एकदा नीट पाहून घ्यावे; तिथला माणूस घाईघाईत सांगून मोकळा होतो, त्याला थांबवून पुन्हा विचारायला संकोचू नये.

अस्वलांना लोक अतिशयोक्ती समजतात, ती नाही. टाहोतली काळी अस्वले गाडीचे दार उघडतात आणि वासावर येतात. साइटवर लोखंडी पेटी दिलेली असते, तिच्यात तूप, मसाले, फराळाचे डबे आणि टूथपेस्टसुद्धा ठेवावी. टेबलावर ताट सोडून तळ्यावर जाऊ नये. शेकोटीवर उन्हाळ्यात अनेकदा बंदी असते, कारण आगीची भीती खरी आहे: २०२१ मध्ये कॅल्डोर वणव्यामुळे ३० ऑगस्टला अख्खे साउथ लेक टाहो गाव रिकामे करावे लागले होते. त्या दृष्टीने तुमचा जुलै योग्य आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात धुराचा धोका वाढतो. जुलैतही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरू शकतो, म्हणून नातवंडासाठी स्वेटर आणि कानटोपी घ्या.

तळ्याचे पाणी इतके नितळ असते की उथळ वाटते, पण ते ५०० मीटर खोल आणि जुलैतही थंड असते, तेव्हा कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेतली तर लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे. दुपारी वारा सुटतो, म्हणून पाण्यातले काय ते सकाळीच उरकावे. एमराल्ड बेला छोट्या गाडीने आठच्या आधी पोहोचा. नऊनंतर तिथे गाडी लावायला जागा उरत नाही.